ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर फ्रीलान्स क्लायंट कसे मिळवायचे: खातं उघडण्यापासून दुसऱ्या कामापर्यंत

फ्रीलान्स कामं मिळणाऱ्या अपवर्कसारख्या साइटवर खातं उघडायचं, दिसेल त्या कामाला अर्ज ठोकायचा, महिनाभर कुणाचं उत्तर आलं नाही की ‘इथे नव्या माणसाला काही मिळत नाही’ म्हणून सोडून द्यायचं. फ्रीलान्सिंगचा प्रयत्न करणाऱ्या अनेकांचं असंच होतं. वाईट याचं वाटतं की यातल्या कितीतरी जणांना आपलं काम उत्तम येत असतं. क्लायंट आपल्याला निवडणार, एवढंच सगळे धरून चालतात. आपल्यालाही क्लायंट निवडायचा असतो, आणि तोही अर्ज लिहायला बसण्याआधी, हे कुणी सांगत नाही. पुढचं सगळं लिखाण या निवडीभोवती आहे. काम शिकायचं कसं हा विषय इथे घेतलेला नाही. तुमच्या हातात विकण्याजोगं एक तरी कौशल्य आहे असं धरून चालतोय.

आधी ठरवा, नेमकं काय विकणार

‘मी वेब डेव्हलपर आहे’ एवढं सांगून नातेवाइकांचं समाधान होतं. क्लायंट मात्र आपली अडचण घेऊन आलेला असतो. त्याचं शॉपिफायवरचं ऑनलाइन दुकान मोबाइलवर हळू उघडतंय, त्याच्या ४० मिनिटांच्या माहितीपटाला मराठी सबटायटल्स हवीत, त्याच्या तीन गोडाउनचा स्टॉक एका गूगल शीटमध्ये आणायचाय. या अडचणीचं नाव तुमच्या प्रोफाइलवर दिसलं तर तो थांबेल. ‘डिझाइन, कंटेंट, एसइओ, डेटा एंट्री सगळं करतो’ असं वाचलं तर पुढे जाईल, कारण प्रत्येक गोष्टीसाठी त्याला तिथे वेगळा माणूस मिळतोय.

म्हणून पहिली पायरी कागदावर करा. तुम्हाला येणारी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: हे काम कुणाला लागतं, ते झाल्यावर त्याचा काय फायदा होतो, आणि तुमच्याकडे दाखवायला नमुना आहे का. मग प्लॅटफॉर्मवर त्या कामाच्या जाहिराती शोधा. आठवडाभर फक्त वाचा, अर्ज करू नका. रोज अशा किती जाहिराती पडतात, क्लायंट कोणते शब्द वापरतात, बजेट किती सांगतात, याची नोंद ठेवा. जी सेवा सारखी मागितली जाते आणि जिचा नमुना तुम्ही दाखवू शकता, तिथून सुरुवात करा. बाकीची कामं नंतर त्याच क्लायंटला सांगता येतात.

नमुना नसेल तर तयार करा. त्यासाठी फुकट काम करायची गरज नाही. गावातल्या गुळाच्या किंवा पैठणीच्या दुकानासाठी एक पान स्वतःच बनवा. एखाद्या सरकारी इंग्रजी परिपत्रकाचं मराठी भाषांतर करून मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवा. खोटा हिशेब भरून चालणारी शीट करा आणि ती चालताना स्क्रीन रेकॉर्ड करा. ‘सरावासाठी केलेलं काम’ असं त्यावर स्पष्ट लिहा. असे तीन चांगले नमुने असले की पहिल्या कामापुरतं भागतं.

कोणता प्लॅटफॉर्म कुणासाठी

ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या साइट्सच्या एकत्रीकरणातून आलेल्या कंपनीने २०१५ मध्ये अपवर्क हे नाव घेतलं. इथे क्लायंट कामाची जाहिरात टाकतो आणि आपण प्रपोजल, म्हणजे अर्ज, पाठवतो. प्रपोजलला ‘कनेक्ट्स’ नावाची विकतची टोकन लागतात आणि एक कनेक्ट ०.१५ डॉलरला पडतो. एखाद्या कामाला १६ कनेक्ट्स लागत असतील तर एक प्रपोजल २.४० डॉलरला गेलं, आणि अशी दहा पाठवली की २४ डॉलर संपले. नुसती प्रपोजलची संख्या वाढवत नेणं इथे परवडतच नाही. मे २०२५ पासून नव्या करारांवर कमिशन ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान लागतं. प्रपोजल भरतानाच त्या कामाचा टक्का समोर दिसतो, तो बघूनच दर टाका.

फायव्हरचा कारभार उलटा आहे. २०१० मध्ये इस्राएलमध्ये सुरू झालेल्या या साइटवर आपण आपली सेवा ‘गिग’ म्हणून मांडून ठेवतो आणि गिऱ्हाईक येऊन ऑर्डर देतं. लोगो, व्हॉइस ओव्हर, यूट्यूब थंबनेल, रिझ्युमे अशी ठरलेल्या मापाची कामं इथे चांगली चालतात. कमिशन २० टक्के, आणि गिऱ्हाइकाने खुशीने दिलेल्या टिपमधूनही तेवढंच जातं. ऑर्डर पूर्ण झाल्यावर साधारण विक्रेत्याला पैसे काढायला १४ दिवस थांबावं लागतं. गिगची तीन पॅकेजेस लिहिताना प्रत्येकात काय मिळणार आणि काय नाही, किती वेळा दुरुस्ती मिळणार, हे आकड्यात लिहा. ‘अमर्याद दुरुस्त्या’ असं कधीही लिहू नका. पुढे तेच वाक्य गळ्यात पडतं.

फ्रीलान्सर डॉट कॉम ही सिडनीची कंपनी. ठरावीक रकमेच्या प्रोजेक्टवर १० टक्के किंवा ५ डॉलर, यातली जी रक्कम मोठी ती फी लागते, आणि ती पैसे हातात यायची वाट बघत नाही. काम स्वीकारलं की आकारली जाते. त्यामुळे क्लायंटशी सविस्तर बोलणं झाल्याशिवाय तिथे ‘ॲक्सेप्ट’ दाबू नका. तिथल्या स्पर्धांपासून मी लांबच राहायला सांगेन. शंभर जण लोगो करतात, बक्षीस जिंकणाऱ्याला मिळतं आणि बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

भाषांतरकारांनी प्रोझ डॉट कॉम जरूर बघावं. इंग्रजी-मराठी, हिंदी-मराठी अशा भाषाजोडीप्रमाणे तिथे प्रोफाइल असतं आणि जगभरातल्या एजन्सी भाषांतरकार शोधायला येतात. तिथला ‘ब्लू बोर्ड’ माझ्या मते सगळ्यात उपयोगी. याआधी काम केलेले भाषांतरकार ‘या एजन्सीसोबत पुन्हा काम कराल का’ याला १ ते ५ मध्ये गुण देतात. एजन्सीचा मेल आला की आधी तिथे तिचं नाव शोधायचं. पैसे उशिरा देणारी एजन्सी तिथे लगेच लक्षात येते.

टॉपटल चाळणी लावून माणसं घेतं, ते अनुभवी डेव्हलपर, डिझायनर आणि फायनान्सवाल्यांसाठी. ट्रूलान्सर आपल्याकडचं. भारतीय क्लायंट तिथे मिळतात, दर मात्र कमी. लिंक्डइन हा रूढ अर्थाने कामाचा बाजार नाही, पण प्रोफाइलवर ‘सर्व्हिसेस’चं पान उघडता येतं, आणि पुण्या-मुंबईतल्या छोट्या कंपन्यांचे मालक तिथे थेट भेटतात.

एक मुख्य प्लॅटफॉर्म निवडा, जोडीला एक दुय्यम ठेवा, बस्स. पाच ठिकाणी खाती उघडली तर पाचही ठिकाणी शून्य रिव्ह्यू राहतात. आणि नव्या माणसाच्या आड येतं ते हे शून्यच.

प्रोफाइल

शीर्षकात कामाचं नाव आणि ते कुणासाठी हे यायला हवं. ‘एक्स्पर्ट’, ‘पॅशनेट’ असले शब्द जागा खातात. सर्चमध्ये वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून तिथे स्वतःची ओळख न देता क्लायंटची अडचण आणि तुम्ही ती कशी सोडवता ते लिहा. शिक्षण, वर्षं, छंद हे शेवटी, किंवा नकोच. फोटो उजेडात काढलेला, एकट्याचा, चेहरा नीट दिसणारा. नाव पॅनकार्डावर आहे तसंच टाका. ओळख पडताळणीत आणि बँक जोडताना स्पेलिंग जुळलं नाही तर खातं अडकून पडतं.

पोर्टफोलिओत प्रत्येक नमुन्याखाली चार ओळी हव्यात: काय अडचण होती, काय केलं, कशात केलं, काय फरक पडला. नुसते स्क्रीनशॉट टाकले तर क्लायंटला त्यातलं तुमचं काम कोणतं तेच कळत नाही.

जाहिरात वाचायची कशी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अपवर्कचं उदाहरण घेऊ, बाकी ठिकाणीही थोड्याफार फरकाने हीच माहिती मिळते.

जाहिरात उघडली की आधी मजकूर न वाचता बाजूची क्लायंटची माहिती बघा. पेमेंट मेथड व्हेरिफाइड आहे का, आजवर किती खर्च केलाय, हायर रेट (म्हणजे टाकलेल्या जाहिरातींपैकी किती टक्क्यांत खरंच माणूस घेतला) किती, तासाला सरासरी किती देतो. ४० जाहिराती टाकून हायर रेट १५ टक्के असेल तर हा माणूस बरेचदा नुसती चौकशी करून जातो. त्याच्यासाठी कनेक्ट्स घालवू नका. सरासरी तासाला ५ डॉलर देणारा क्लायंट तुम्हाला एकदम २५ देणार नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण अगदी नवा क्लायंट, शून्य खर्च, म्हणून सरसकट टाळूही नका. पेमेंट व्हेरिफाइड असेल आणि जाहिरात मन लावून लिहिलेली असेल तर नव्या फ्रीलान्सरला त्याच्याकडेच जास्त संधी असते, कारण मोठे रिव्ह्यूवाले तिकडे कमी फिरकतात.

मग खाली ‘ॲक्टिव्हिटी’ बघा. किती प्रपोजल आलीत, क्लायंटने शेवटचं कधी पाहिलं, किती जणांशी बोलणं चालू आहे, स्वतःहून किती जणांना बोलावलंय. पाच-सहा मुलाखती चालू आहेत आणि क्लायंट दोन दिवसांत फिरकलेला नाही, तर ते काम गेलं समजा. प्रपोजल दहाच्या आत, क्लायंट तासाभरापूर्वी येऊन गेलाय, मुलाखत एकही नाही, अशा ठिकाणी लिहा.

त्यानंतर त्याने आधी दिलेली कामं आणि इतर फ्रीलान्सरांनी त्याच्याबद्दल लिहिलेले रिव्ह्यू वाचा. इथे दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, ठरल्यापेक्षा जास्त काम काढून घेण्याची त्याला सवय आहे का. रिव्ह्यूमध्ये कुणी थेट तसं लिहीत नाही, पण तीन तारे देऊन दोनच शब्द लिहिले असतील तर ओळखायचं. दुसरी, त्याचं नाव. ‘थँक्स जेनी, ग्रेट वर्किंग विथ यू’ असं कुणीतरी लिहिलेलं असतंच, आणि मग तुमचं प्रपोजल ‘डिअर सर/मॅडम’ने सुरू करावं लागत नाही.

आता मजकूर. काय हवंय हे क्लायंटलाच ठाऊक आहे का, ते बघा. काम कसं आहे याच्या दोन ओळी आणि ‘तातडीचं, स्वस्तात, पुढे भरपूर काम देऊ’ याच्या पाच ओळी असतील तर सोडून द्या. ‘पुढे भरपूर काम’ या आशेवर आज दर पाडायचा नाही. आणि मजकूर शेवटपर्यंत वाचा. ‘प्रपोजलच्या सुरुवातीला अमुक शब्द लिहा’ अशी अट बरेच क्लायंट तळाशी घालतात. ज्यात तो शब्द नाही ती प्रपोजल न उघडताच बाजूला जातात.

वेळेचंही थोडं गणित आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३० आणि हिवाळ्यात ७:३० झालेले असतात. लंडनचे ९ म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड किंवा अडीच. अमेरिकी क्लायंट हवे असतील तर संध्याकाळचे दोन तास यासाठी मोकळे ठेवा. तुमच्या सेवेचा सर्च फिल्टर लावून सेव्ह करून ठेवा, म्हणजे दरवेळी पहिल्यापासून शोधावं लागत नाही.

प्रपोजल

समजा अमेरिकेतल्या एका बाईंचं मातीच्या भांड्यांचं शॉपिफाय दुकान आहे. त्यांनी लिहिलंय: थीम बदलल्यापासून मोबाइलवर प्रॉडक्ट पेज फार हळू उघडतं, दुरुस्त करून हवं. दुकानाची लिंक दिलेली आहे.

बहुतेक प्रपोजल अशी सुरू होतात: मला पाच वर्षांचा अनुभव आहे, मी एचटीएमएल, सीएसएस, लिक्विड, जावास्क्रिप्ट जाणतो, तुमचं काम शंभर टक्के समाधानकारक करीन. यात त्यांच्या दुकानाबद्दल एक अक्षर नाही. हेच प्रपोजल लाकडी खेळण्यांच्या दुकानालाही चाललं असतं.

त्याऐवजी लिंक उघडा, गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये टाका, दहा मिनिटं बघा. मग असं लिहिता येतं (अर्थात इंग्रजीत):

‘नमस्कार जेनी, तुमचं निळ्या मगचं पान मोबाइलवर तपासलं. दोन गोष्टी दिसल्या. नव्या थीमने पानावरच्या सगळ्यात मोठ्या फोटोलाही लेझी लोडिंग लावलंय, म्हणून तो सगळ्यात शेवटी येतो. दुसरं, रिव्ह्यूच्या जुन्या ॲपची स्क्रिप्ट अजून थीममध्ये राहिली आहे, आणि पानावर मात्र आता दुसरंच ॲप दिसतंय. थीमची कॉपी काढून तिच्यावर काम करीन, म्हणजे चालू दुकानाला धक्का लागणार नाही. तुम्ही तपासून हो म्हणालात की मगच ती चालू करू. मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा हे लक्ष्य ठेवतो. तीन दिवस लागतील. अशाच एका दुकानाचे आधीचे आणि नंतरचे आकडे सोबत जोडलेत. एक विचारायचं होतं: जुनं रिव्ह्यू ॲप परत वापरणार आहात, की कायमचं काढून टाकू?’

हे वाचणाऱ्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. अडीच सेकंद हा आकडा मनाचा नाही. मोबाइलवर मुख्य मजकूर तेवढ्या वेळात दिसला तर गूगल त्याला चांगला वेग मानतं, आणि तसं म्हणणाऱ्या माणसाला विषय कळतो हे क्लायंटला समजतं. शेवटच्या प्रश्नाचं काम वेगळंच आहे. ‘वाट बघतो’ला उत्तर द्यावं लागत नाही. ‘जुनं ॲप ठेवू की काढू’ला द्यावंसं वाटतं, आणि एकदा बोलणं सुरू झालं की तुम्ही बाकीच्यांच्या पुढे गेलात.

लिखाण एआयकडून करून घेणाऱ्यांना एकच सांगतो. इंग्रजी तपासायला वापरा, निरीक्षण मात्र तुमचं हवं. तीच गुळगुळीत वाक्यं एकामागून एक वाचून क्लायंट कंटाळलेले असतात. साधं, थोडं तुटकं पण मुद्द्याचं इंग्रजी त्यांना जास्त खरं वाटतं.

दिवसाला दोन-तीन अशी प्रपोजल पुरेत. कोणाला पाठवलं, कधी, किती कनेक्ट्स गेले, उघडलं का, उत्तर आलं का, हे एका शीटमध्ये लिहा. उघडलीच जात नसतील तर पहिल्या दोन ओळी बदला. उघडून उत्तर येत नसेल तर नमुने किंवा दर बघा. बोलणं होऊनही काम मिळत नसेल तर बोलण्यात काहीतरी सुटतंय. ही नोंद नसेल तर नेमकं काय बदलायचं तेच कळत नाही.

दर

तुम्हाला महिन्याला हातात किती हवेत तिथून उलटं मोजा. महिन्याच्या १६० तासांतले सगळे तास विकले जात नाहीत. शोधणं, बोलणं, हिशेब यात बरेच जातात, निम्मे विकले गेले तरी चांगलं. त्यात प्लॅटफॉर्मचं कमिशन, पैसे रुपयात आणताना लागणारा खर्च, वीज-इंटरनेट आणि कर मिळवा. जो आकडा येईल तो तुमचा तळ, त्याच्या खाली जायचं नाही. सुरुवातीला दोन-तीन कामं तळाच्या जवळ घ्या, पण कामं लहान असू द्यात. कमी दराचं मोठं काम घेतलं की तुम्ही महिनाभर तिथेच अडकून पडता. रिव्ह्यू आले की प्रत्येक नव्या क्लायंटला थोडा वाढीव दर सांगत चला.

काम सुरू करण्याआधी

ठरावीक रकमेचं काम असेल तर रक्कम एस्क्रोत (काम मान्य होईपर्यंत प्लॅटफॉर्म पैसे धरून ठेवतो त्या खात्यात) जमा झाल्याशिवाय एक ओळही लिहू नका. ‘करार झालाय’ आणि ‘माइलस्टोनमध्ये (कामाच्या टप्प्यासाठी) पैसे भरलेत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे लोक हमखास इथे चुकतात. मोठं काम असेल तर तीन-चार माइलस्टोन करा आणि प्रत्येकात काय देणार ते लिहा. अपवर्कवर तुम्ही काम रीतसर सबमिट केलंत आणि क्लायंटने १४ दिवसांत काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. चॅटमध्ये फाइल पाठवली तर ती सबमिशन धरली जात नाही, त्यासाठीचं बटण वेगळं आहे.

तासाच्या कामात अपवर्कचं ॲप दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एक स्क्रीनशॉट घेतं. पैशाची हमी त्याच नोंदीला मिळते, हाताने टाकलेल्या तासांना मिळत नाही. काय करताय याची ओळ लिहीत जा. आठवडा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे रविवारी मध्यरात्री संपतो, म्हणजे आपला सोमवार पहाटे ५:३०. पैसे त्यानंतर दहा दिवसांनी काढता येतात.

फसवणूक

करार होण्याआधी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर या म्हणणारा क्लायंट दिसला की तिथेच थांबा. अपवर्क आणि फायव्हर दोन्हींचे नियम याला मनाई करतात, आणि तुमचं खातं बंद होऊ शकतं ते वेगळंच. काम मिळण्यासाठी डिपॉझिट, नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे मागणारा कुणीही खरा नसतो. घरबसल्या टायपिंगच्या नावाखाली आधी करारावर सही घ्यायची, मग ‘कामात चुका आहेत’ म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालून पैसे उकळायचे, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे आणि अजून चालू आहे. अशा नोटिशीला घाबरून पैसे भरू नका. १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

डेव्हलपरांनी ‘ही रिपॉझिटरी चालवून बघा, मग बोलू’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं. अशा कोडमध्ये पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारा भाग लपवलेला असतो. चालवायचाच असेल तर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवा. आणि ‘तुमचं खातं महिन्याला भाड्याने द्या’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. ते खातं तुमच्या पॅन आणि बँकेला जोडलेलं असतं, त्यावर जे होईल त्याला जबाबदार तुम्ही.

पैसे आणि कर

परदेशी रक्कम प्लॅटफॉर्मवरून थेट बँकेत किंवा पेओनिअरसारख्या मार्गाने येते. प्रत्येक रकमेचं परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र म्हणजे ‘फिरा’ (एफआयआरए) बँकेकडून किंवा पैसे आणणाऱ्या सेवेकडून मागून जपून ठेवा. पुढे जीएसटी किंवा आयकराचा प्रश्न निघाला की तेच कामाला येतं. अमेरिकी प्लॅटफॉर्म डब्ल्यू-८बेन फॉर्म भरायला सांगतात. तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही हे त्यात जाहीर करायचं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

सेवा देणाऱ्यांना जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते, आणि परदेशी कामाची रक्कमही या उलाढालीत धरतात. नोंदणी केल्यावर सेवेची निर्यात शून्य दराची असते. दर वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की कर न लावता बिल देता येतं. आयकरात अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट अशा ठरावीक व्यवसायांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडीए. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. मर्यादा ५० लाख, रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. ही सोय त्यातही आहे, कलमाचा क्रमांक मात्र वेगळा. लेखन, भाषांतर, डिझाइन करणाऱ्यांनी आपलं काम कोणत्या गटात बसतं ते सीएला एकदा विचारून घ्यावं. ती फी वसूल होते.

भारतीय क्लायंटशी थेट काम करत असाल तर छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून टाका. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, पैसे मागणाऱ्या एजंटांच्या साइट्स टाळा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला तर हिशेब खात्यातली माणसं बिल लांबवताना विचार करतात. टीडीएस कापला असेल तर तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतोय ना, हे दर तिमाहीला बघा.

दुसरं काम

पहिलं काम संपतं तिथे बहुतेक जण परत शोधायला लागतात. आधी हातात आहे त्या क्लायंटकडे बघा. काम देताना सोबत एक छोटी टिपण जोडा: काय केलं, कुठे काय बदललं, पुढे काय लक्ष ठेवायला हवं. काम करताना दिसलेल्या पण करारात नसलेल्या दोन गोष्टी त्यात लिहा. त्या दुकानाचं उदाहरण घेतलं तर ‘कलेक्शन पेजवरही हीच अडचण आहे, आणि दिवाळीइतकीच तिकडे महत्त्वाची असलेली नोव्हेंबरची विक्री सुरू व्हायच्या आत ती दुरुस्त केलेली बरी’ एवढं लिहिलं की पुढचं काम समोर येतं. त्यासाठी कनेक्ट्सही लागत नाहीत.

रिव्ह्यू मागायला संकोच करू नका. काम मान्य झालं की त्याच दिवशी करार बंद करायला सांगा आणि ‘वेगाबद्दल आणि संवादाबद्दल दोन ओळी लिहिल्यात तर मदत होईल’ असं नेमकं सांगा. करार महिनोन्‌महिने उघडा पडून राहिला तर रिव्ह्यू येत नाही.

ओळख झाली की ‘कमिशन वाचवू, बाहेरून पैसे पाठवतो’ असं काही क्लायंट म्हणतात. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटसोबतचे व्यवहार दोन वर्षं तिथेच करायची अट आहे. त्याआधी बाहेर पडायचं असेल तर ठरावीक फी भरून रीतसर पडता येतं. मोठा, वर्षभराचा क्लायंट असेल तर ती फी किती होते ते विचारा आणि दोघांनी मिळून हिशेब मांडा. नुसत्या कमिशनसाठी रिव्ह्यूंनी भरलेलं खातं पणाला लावणं मला कधीच पटलेलं नाही. तो क्लायंट उद्या गेला तर पुढचा याच खात्यावरून शोधायचाय.